शिंगाळ्या बेडकाचे बिऱ्हाड

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगारांचा प्रश्न असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही 'बेडूक' म्हणालो. त्यांना वाटले, फोन नीट ऐकू आला नाही. आम्ही पुन्हा 'बेडूक' म्हणालो, तेव्हा मात्र ते सौजन्याने हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, लोकांनाही थोडा बदल हवाच असतो." पण आम्ही बदल म्हणून हा विषय निवडलेला नाही. गेली तीन वर्षे एका बेडकाने आमचा पुष्कळ वेळ घेतला, आणि त्याच्यापायी आम्ही जितके वाचले तितके कोणत्याही औद्योगिक न्यायालयातल्या खटल्यापायीही वाचले नसेल. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे सारे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. तेव्हा आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचे असे झाले. आमच्या संघटनेतले एक जुने सहकारी लालबागेत चाळीत राहतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने खाऊचे आणि गणपतीत मिळालेले पैसे साठवून, घरी न विचारता, पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातून एक बेडूक आणला. तळहातात मावेल एवढा, हिरवट-तपकिरी ठिपक्यांचा, आणि अंगापेक्षा तोंडच मोठे! दुकानदाराने त्याला तीन गोष्टी सांगितल्या : काचेच्या बरणीत रंगीत खडी घाल, नळाचे पाणी ओत, आणि रोज एक उंदराचे पिल्लू दे. या तीनही गोष्टी चूक होत्या. माल विकणाऱ्याने माल कसा टिकेल ते सांगू नये, हा अनुभव आम्हांला नवा नाही. पण इथे माल जिवंत होता.

या प्राण्याला इंग्रजीत 'हॉर्न्ड फ्रॉग' म्हणतात. आम्ही त्याला शिंगाळा बेडूक म्हणू. शिंगे म्हणजे खरी शिंगे नव्हेत. वरच्या पापणीची कातडी टोकदार होऊन वर आलेली असते, एवढेच. ॲमेझॉनच्या जंगलातल्या जातीत ही टोके लांब असतात, तर दुकानांतून मिळणाऱ्या जातींत ती नावापुरतीच असतात. शास्त्रीय नाव सेराटोफ्रिस. याच्या सात-आठ जाती आहेत, आणि त्या साऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या. त्यांतल्या दोन माणसाच्या घरात फार शिरल्या. एक अर्जेंटिनाच्या पाम्पा या गवताळ मैदानातली, सेराटोफ्रिस ऑर्नाटा. दुसरी तिच्या उत्तरेला, अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि ब्राझील यांत पसरलेल्या ग्रान चाको नावाच्या झुडपी मुलखातली, सेराटोफ्रिस क्रॅनवेली. दिसायला दोघी इतक्या सारख्या की १९८० साली आव्हेलिनो बारिओ या अर्जेंटिनी शास्त्रज्ञाने वेगळे नाव देईपर्यंत त्या एकच समजल्या जात. वस्तुतः पेशीतला फरक प्रचंड आहे. क्रॅनवेलीच्या पेशीत गुणसूत्रे २६, तर ऑर्नाटाच्या पेशीत १०४, म्हणजे बरोबर चौपट. हल्ली दुकानात असतो तो बहुधा क्रॅनवेली, आणि तोही रानातून पकडलेला नसून माणसाने निपजवलेला. १९८० मध्येच जपानात 'पॅक-मॅन' नावाचा एक व्हिडिओ खेळ निघाला. त्यात नुसते तोंडच असलेला एक गोल प्राणी सारे गिळत फिरतो. त्यावरून या बेडकाला 'पॅकमॅन' हे बाजारी नाव पडले. आमच्या मुलालाही तेवढेच नाव ठाऊक होते.

एक गंमत येथेच सांगतो. चार्ल्स डार्विन 'बीगल' जहाजावरून जगप्रवास करून आला, तेव्हा त्याने आणलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे आणि बेडकांचे वर्णन करण्याचे काम टॉमस बेल या गृहस्थाकडे गेले. हे बेलसाहेब धंद्याने दंतवैद्य. त्यांनी १८४३ साली ब्युनोस आयर्सच्या या बेडकाचे वर्णन केले आणि त्याला 'उपेरोडॉन' या कुळात घातले. उपेरोडॉन हे तर आपल्या भारताकडचे कुळ! जमिनीत पुरून घेणारे, डिवचले की फुग्यासारखे फुगणारे गोल बेडूक ते हेच. पुढे चूक दुरुस्त झाली. पण दोन टोकांच्या दोन मुलखांत, पावसाची वाट पाहत जमिनीत बसणाऱ्या प्राण्यांचे शरीर किती सारखे घडते, हे त्या चुकीतून चांगले दिसते.

जमिनीत वाट पाहत बसणे हीच या बेडकाची सारी जीवनपद्धती आहे. चाकोत उन्हाळ्यात पाऊस पडतो, तेव्हा डबकी भरतात. तेवढ्या काळात हा बाहेर येतो, ओरडतो, अंडी घालतो, खातो. पिल्लांनाही घाई असते. इतर बेडकांची शेपटीची पिल्ले शेवाळ खरवडून जगतात. याची पिल्ले जन्मतःच शिकारी, प्रसंगी एकमेकांनाही खाणारी. ऑर्नाटाची ही पिल्ले पाण्याखाली आवाज काढतात, असे अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. एरवी बेडकाच्या पिल्लांना आवाज नसतो असेच मानत. डबके आटण्याच्या आत पाय फुटले पाहिजेत, नाहीतर सारेच संपले. मोठा झालेला बेडूक मग ओल्या मातीत मागच्या पायांनी उकरून उलटा आत शिरतो, डोळे आणि तोंड तेवढे वर ठेवतो, आणि कोणीतरी समोरून जाण्याची वाट पाहतो. याच्या काही जातींत मागच्या पायाची बोटे किड्यासारखी हलवून भक्ष्य जवळ बोलावण्याचीही पद्धत आहे. एकदा का ते टप्प्यात आले की जीभ सुटते. जर्मनीतल्या कील विद्यापीठात २०१४ मध्ये मोजमाप झाले, तेव्हा या जिभेची पकड बेडकाच्या स्वतःच्या वजनाहूनही अधिक भरली. आणि दातांचे म्हणाल तर खालच्या जबड्याला सुळ्यासारखी दोन टोके असतात. डोके साडेचार सेंटिमीटर रुंद असलेला लहानसा बेडूकही सुमारे तीन किलो वजनाइतक्या जोराने चावतो, असे २०१७ साली मोजले गेले.

या चावण्यामुळे बिचाऱ्याचे फार नुकसान झाले आहे. पाम्पातले लोक त्याला 'एस्कुएर्सो' म्हणतात, आणि तो विषारी आहे, चरणाऱ्या घोड्याच्या ओठाला चावला तर घोडा मरतो, अशी तिकडे जुनी समजूत आहे. मारून नुसता टाकला तर सूड घ्यायला परत येतो, जाळलाच पाहिजे, हीही एक समजूत. लेओपोल्दो लुगोनेस या अर्जेंटिनी लेखकाने तिच्यावर कथाच लिहिली आहे. याच्या चाव्यात विष मुळीच नाही. पण दिसला की ठेचला, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यात पाम्पाची कुरणे नांगराखाली गेली, डबकी बुजली, आणि ऑर्नाटा आज आपल्या मूळ गावी विरळ झाला आहे. आपल्याकडे घोणस समजून निरुपद्रवी साप मारतात, त्यातलाच हा प्रकार.

आता घरच्या गोष्टीकडे येतो. मुलाने बेडूक आणून महिना झाला, तेव्हा त्याने आम्हांला बोलावले. "काका, हा सारखा उड्या मारतोय हो, आणि त्याचे पोट लाल झालंय." आम्ही पाहिले तर बरणीतले पाणी गढूळ, आणि त्यात बेडूक भिंतीवर धडका देत होता. एरवी दगडासारखा बसणारा हा प्राणी असा धडपडू लागला, की समजावे, तो पळून जाऊ पाहत आहे. आम्हांला एकदम आमच्या रंगाच्या कारखान्याची आठवण झाली. तिथे ॲनिलीन नावाचे द्रव्य हाताळावे लागे. नवीन आलेला पोरगा म्हणे, "मी काय पीत थोडाच आहे ते?" पण ॲनिलीन प्यावे लागत नाही. ते कातडीतून रक्तात उतरते, ओठ निळे पडतात, आणि माणूस भोवळ येऊन पडतो. हातमोज्यांसाठी आम्ही तिथे जो झगडा केला, तो याच एका वाक्यावर उभा होता : कातडी हे दार आहे.

माणसाच्या बाबतीत हे दार थोडेसेच उघडे असते. बेडकाच्या बाबतीत ते सताड उघडे आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या मध्ये, कातडीचा एक पातळ पट्टा असतो. तो ओलीवर टेकला की पाणी आपोआप आत जाते. श्वासही तो काही अंशी कातडीनेच घेतो. म्हणजे ज्या पाण्यात तो बसला आहे, तेच त्याचे पिणे आणि तेच अर्धेमुर्धे श्वसन! आणि त्याच पाण्यात तो मलमूत्र करतो. त्यातून अमोनिया तयार होतो, तो कातडीतून परत आत जातो, आणि प्राणी स्वतःच्याच घाणीने विषारतो. जंगलात डबके मोठे असते, पाऊस असतो, माती असते. बरणीत यांतले काहीच नाही. शिंगाळा बेडूक पाळणे म्हणजे त्याला खाऊ घालणे, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ते काम दहातले एक आहे. उरलेले नऊ भाग म्हणजे त्याच्या कातडीला लागणारी ओल स्वच्छ ठेवणे.

त्या दिवशी आम्ही प्रथम पाणी बदलले. पण कोणते पाणी घालावे? नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्याला तो हितकर, बेडकाच्या कातडीला मात्र जाचक. पाणी उघड्या पातेल्यात चोवीस तास ठेवले तर क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते मात्र ठेवून उडत नाही. त्यासाठी मासे पाळणारे लोक जे थेंब वापरतात, ते वापरावेत. जुन्या छायाचित्रकारांना ठाऊक असलेला 'हायपो' नावाचा खडा बहुधा त्यांत विरघळवलेला असतो. गाळून-गाळून क्षारच काढून टाकलेले यंत्राचे पाणी नेहमीसाठी घालू नये. बेडकाला पाण्यात थोडे क्षारही लागतात.

रंगीत खडी त्याच दिवशी फेकून दिली. हा बेडूक भक्ष्यावर झेप घेतो तेव्हा तोंडात येईल ते सारे आत जाते, आणि एक खडा आतड्यात अडकला की खेळ संपला. तिच्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे बागवाले ज्याला कोकोपीट म्हणतात तो, घालावा. अमेरिकेत आणि जपानातही हे बेडूक पाळणारे लोक हाच भुसा वापरतात. आपल्या किनाऱ्यावर जो सोडणानंतर टाकून दिला जाई, त्या काथ्याला ही प्रतिष्ठा मिळाली याची आम्हांला मौज वाटते. मात्र खतासाठी विकतात त्यातल्या काही भुशात मीठ किंवा रासायनिक खत असते. म्हणून तो दोन-तीनदा धुऊन घ्यावा. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकी ओल पुरे. थर बेडकाच्या उंचीहून थोडा अधिक जाड हवा, म्हणजे त्याला पुरून घेता येते.

जागा फार लागत नाही. दीड-दोन फूट लांबीची मासे ठेवण्याची काचपेटी एका बेडकाला आयुष्यभर पुरते. तो हिंडणारा प्राणी नव्हे, आणि फार मोठ्या जागेत तो बावरतो. पण पेटीत दुसरा बेडूक घालू नये, सोबत म्हणून तर कधीच नाही. दोघांपैकी एक दुसऱ्याला गिळू पाहील, आणि गिळता आला नाही तर घुसमटून दोघेही मरतील. पाण्याची थाळी उथळ हवी, बसल्यावर पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकीच. बेडूक असला तरी हा पोहण्यात कच्चा आहे, खोल पाण्यात बुडून मरतो. थाळीतले पाणी रोज बदलावे. भुसा वरवर साफ दिसला तरी तीन-चार आठवड्यांनी सारा बदलावा, आणि लहान पेटीत त्याहूनही लवकर.

उष्णतेची गोष्ट आपल्याकडे उलटी आहे. परदेशी पुस्तकांत सारा भर पेटी गरम कशी ठेवावी यावर असतो. या बेडकाला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. मुंबईकराची अडचण थंडीची नाही, मेची आहे. तीस-बत्तीसच्या वर पारा राहू लागला की बेडूक सुस्तावतो आणि दगावतो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, किंवा उन्हे येणाऱ्या खिडकीत पेटी ठेवू नये. खाटेखालची, फरशीवरची जागा चांगली. फुटक्या माठाचा अर्धा तुकडा ओला करून पेटीत पालथा ठेवला तर त्याखाली गारवा राहतो. पुण्या-नागपूरकडच्या कोरड्या हवेत पेटीवर ओले फडके टाकले की चांगला उपयोग होतो. मुंबईच्या दमट हवेत फडके वाळतच नाही, मग गारवा कसला? तिथे पंखा आणि सावली एवढाच उपाय. आणि नाशिक-नागपुराच्या हिवाळ्यात उष्णता द्यावीच लागली, तर ती पेटीच्या बाजूने द्यावी. हा प्राणी गरम झाले की खाली उकरतो. खालीच तापलेला पत्रा असेल तर तो पळता-पळता भाजतो.

आता खाण्याचे. येथे आमचे आणि मुलाचे खरे भांडण झाले. बेडकापुढे काहीही हलवले की तो गिळतो, आणि मुलाला वाटे, भुकेला आहे. आम्ही म्हटले, "अरे, याच्या मुलखात आठ महिने जेवायला मिळत नाही. मिळेल तेव्हा खाऊन घे, एवढेच त्याच्या रक्ताला ठाऊक आहे. पुरे झाले हे सांगण्याची सोय देवाने त्याला दिलेलीच नाही." रोज उंदीर खाणारा बेडूक काही महिन्यांत चेंडूसारखा होतो, त्याचे यकृत चरबीने भरते, आणि पंधरा वर्षे जगायचा तो चार वर्षांत जातो. लहान बेडकाला एक-दोन दिवसांआड अन्न लागते. पूर्ण वाढलेल्याला आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे होते. मुख्य अन्न गांडुळे, रातकिडे, नाकतोडे. उंदराचे पिल्लू दोन-तीन महिन्यांतून एखादे दिले तर दिले. सोनमासा वारंवार देऊ नये. त्यात ब-१ जीवनसत्त्व नासवणारे द्रव्य असते. गांडूळखताच्या खड्ड्यातली तांबडी, पट्ट्यापट्ट्यांची गांडुळे पुष्कळ बेडूक थुंकून टाकतात, कारण त्यांच्या अंगातून कडवट रस येतो. साध्या मातीतली फिकी गांडुळे चांगली. घरातले झुरळ कधीही देऊ नये. ते कोणत्या औषधावरून चालत आले आहे ते आपल्याला माहीत नसते. किड्यांत चुना कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून किडा देताना त्यावर ड-३ जीवनसत्त्व घातलेली कॅल्शियमची भुकटी चिमूटभर लावावी. नाहीतर जबड्याची हाडे मऊ पडतात, आणि ज्याचे सारे आयुष्य जबड्यावर त्याची काय गत होईल ते सांगायला नको. अन्न लांब चिमट्याने द्यावे. बोटाने दिले तर तो बोटच अन्न समजतो. चावलाच तर हिसका देऊ नये, सुळे मोडतात. हात पाण्याखाली धरून थोडा धीर धरावा, म्हणजे सोडतो.

हातात घेऊन कुरवाळण्याचा हा प्राणी नाही, हे मुलाला पटायला सर्वांत वेळ लागला. आपल्या हाताचा घाम, साबण, तेल सारे त्याच्या त्या उघड्या दारातून आत जाते. पेटी साफ करताना उचलावाच लागला तर हात साध्या पाण्याने ओले करून उचलावा, आणि नंतर साबणाने स्वच्छ धुवावेत. बेडकाच्या अंगावर जुलाब लावणारे साल्मोनेला जंतू असू शकतात. चाळीच्या खोलीत जिथे पेटी तिथेच स्वयंपाक, त्यामुळे वहिनींनी बेडकाची भांडी वेगळी ठेवण्याचा दंडक घातला. तो अगदी बरोबर होता.

मुलाला आम्ही एक नोंदवही घालून दिली. आमच्या धंद्यात ती सवयच आहे. तक्रार तोंडी राहिली की हवेत जाते, तारीख-वार लिहून ठेवली की टिकते. आणि बेडूक तर तोंडी तक्रारही करत नाही. दुखले तर ओरडत नाही, लंगडत नाही. चार दिवस जसा बसतो तसाच पाचव्या दिवशी मेलेला असतो. म्हणून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर वजन, पाण्याची आणि भुशाची तारीख, काय खाल्ले, शौच झाले की नाही, एवढे लिहायचे. वजन सारखे वाढत असेल तर अन्न कमी करायचे. न खाता घटत असेल, पाय किंवा पोट लाल दिसत असेल, तर परदेशी प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला गाठायचे. सर्वच पशुवैद्यांना बेडकाचे कळत नाही, तेव्हा असा डॉक्टर बेडूक आजारी पडण्यापूर्वी शोधून ठेवलेला बरा. कधी कधी बेडूक जांभया देतो, अंग पिळवटतो, तोंड वेडेवाकडे करतो. ते पाहून मुलगा एकदा रात्री अकराला धावत आला होता. पण ते आजारपण नव्हते. तो कात टाकत होता, आणि टाकलेली कात पायांनी तोंडात ओढून खात होता.

या वहीमुळेच बेडूक वाचला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मंडळी गावी गेली. एका शेजाऱ्यावर पेटीत पाणी शिंपडण्याचे काम सोपवले होते. चार-पाच दिवस त्यांनी ते केले असावे, पुढे राहून गेले. त्यांना दोष नाही. आम्हीही मुंबईतच होतो, पण चौकशी केली नाही. तीन आठवड्यांनी सारे परत आले तेव्हा भुसा कोरडा ठणठणीत झाला होता, आणि बेडूक दिसत नव्हता. उकरून काढला तर काय? मातकट रंगाचा, कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेला एक गोळा. डोळे बंद, पाय अंगाशी चिकटलेले. "काका, मेला काय हो हा?" मुलाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वहिनी म्हणाल्या, "भावजी, वास येण्याच्या आत गच्चीवरच्या कुंडीत पुरून टाका. पोराला दाखवू नका."

आम्ही हातात वही घेऊन बसलो. शेवटचे वजन १७१ ग्रॅम. गोळा काट्यावर ठेवला, तर १३८ भरला. तीन आठवडे मेलेला बेडूक या उन्हाळ्यात एकतर कुजला असता, नाहीतर वाळून चिपाड झाला असता. हा नुसता आटला होता. तेव्हा आम्हांला वाचलेले आठवले. चाकोत डबकी आटली की हा बेडूक जमिनीत खोल जातो आणि कात टाकतो, पण ती खात नाही. एकीवर एक अशा कातींचे थर अंगाभोवती चढत जातात, आणि त्यांचा एक कोश बनतो. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या राहतात. अंगातले पाणी बाहेर जायचे जवळजवळ थांबते, आणि पाऊस येईपर्यंत प्राणी तसाच पडून राहतो.

आम्ही उथळ थाळीत मुरवलेले पाणी घेतले, त्यात तो गोळा ठेवला, तोंड पाण्याबाहेर राहील असा, आणि खोलीत सारे गप्प बसलो. अर्धा तास झाला, काही नाही. पापुद्रा मऊ पडला. वहिनी स्वयंपाकाला उठल्या. तासाने घशाखालची कातडी हलली. मग एक डोळा उघडला. मग ते तोंड, अंगाएवढे, हळूहळू उघडले, आणि त्याने पुढच्या पायांनी तो सारा कोश बनियन काढावा तसा डोक्यावरून ओढून घेतला आणि खाऊन टाकला. वहिनी हातात लाटणे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगोबाई! हा तर आमच्या बंद गिरणीच्या कामगारासारखाच निघाला!" त्यांचे सासरे १९८२ च्या गिरणीसंपातले.

पाळणाऱ्यांच्या घरी असे गोळे मेलेले समजून टाकले जातात, हे आम्ही पुढे वाचले. म्हणून ही हकीकत एवढी लांबवून सांगितली. बेडूक कडक आणि निस्तेज दिसला तर तो टाकू नये. आधी ओल द्यावी आणि एक दिवस थांबावे. मात्र मुद्दाम कोरडे ठेवून त्याला कोशात घालण्याचा खेळ कोणी करू नये. घरच्या बेडकाच्या अंगी रानातल्यासारखा साठा नसतो, आणि परत उठणे दर वेळी होतेच असे नाही.

आता ज्यांना हे ऐकून बेडूक आणावासा वाटला असेल, त्यांच्यासाठी थोडे. हा प्राणी दहा ते पंधरा वर्षे जगतो. चौदा वर्षांच्या मुलाने आणलेला बेडूक त्या मुलाच्या नोकरीच्या, बदलीच्या, कदाचित लग्नाच्या वेळीही जिवंत असेल. तेव्हा तो कोणी सांभाळायचा, हे आधी घरात ठरवावे. आणताना पावती आणि तो कोठे निपजला याचा कागद मागावा, आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे चालू नियम वनखात्याकडे विचारून घ्यावेत. आपल्या शेतातला पावसाळी पिवळा बेडूक पकडून तर मुळीच आणू नये. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, आणि बेडकाच्या तंगड्यांच्या निर्यातीने शेते रिकामी होऊ लागली तेव्हा, १९८७ साली, ती निर्यातही सरकारला बंद करावी लागली होती.

आणि कंटाळा आला म्हणून कोणी शिंगाळा बेडूक ओढ्यात सोडू नये. तो जगेल की मरेल हा प्रश्न पुढचा. बेडकांच्या कातडीवर वाढणारी एक बुरशी आहे. शास्त्रज्ञांनी ती १९९९ साली नाव देऊन ओळखली. कातडीच बंद पडल्यावर बेडूक कसा जगणार? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे या बुरशीमुळे जगात किमान ५०१ जातींची संख्या घटली, आणि त्यांतल्या ९० नाहीशा झाल्या असे मानतात. एका देशातले बेडूक दुसऱ्या देशात नेण्याच्या व्यापाराने ही बुरशी पसरली. आपल्या आंबोलीच्या पठारावर, जांभ्याच्या सड्यावर, एक लहानसा भेक आहे. २००९ साली त्याला शास्त्रात नाव मिळाले, आणि जगात तो त्या टापूबाहेर सापडल्याचे आमच्या वाचनात नाही. मुंबईचा एक कंटाळलेला मुलगा आणि आंबोलीचा तो सडा यांच्यात एका मोटारीच्या सहलीचे अंतर आहे. म्हणून आम्ही पेटीतून काढलेले पाणी आणि भुसासुद्धा ब्लीचिंग पावडर घालून, रात्रभर ठेवून मगच टाकतो. हे काम मुलाला आवडत नाही, आणि अजूनही ते बहुधा आमच्याच वाट्याला येते.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी आम्ही वही मागवून घेतली. शेवटची नोंद मुलाच्या हातची आहे : "रविवार. वजन १८६. भुसा बदलला. गांडुळे दोन. तिसरे मागत होता, दिले नाही."